खिडकीजवळचा बाक

३ ऑक्टोबर

प्रिय काडे,

तू बसच्या खिडकीतून हात हलवत होतीस की खिडकीची काच ओढत होतीस, हे मला अजून कळलेलं नाही. मी मात्र खुळ्यासारखी हात हलवत उभी राहिले. शेवटी बाकड्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "बाई, बस केव्हाच वळली." मग मी तिथेच बसून रडले, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं.

खाली काकूंकडे फोन आहे हे तुला माहीत आहे, आणि फोनवर कोणी बोलत असलं की काकू शेजारी बसून भाजी निवडतात हेही माहीत आहे. म्हणून पत्र.

मला एक सांग, हे काय गणित आहे? आपण एकाच तंत्रशाळेतून आलो, एकाच दिवशी शिकाऊ म्हणून लागलो, एकाच रांगेत बसून चष्म्याची भिंगं घासली. माझी भिंगं परत यायची, तुझी कधीच नाही. माझ्या हातून कड उडाली की तू गुपचूप ती दुरुस्त करायचीस. आणि शिकाऊपणाची मुदत संपल्यावर कायम कोणाला केलं, तर मला. साहेबांनी माझं नाव घेतलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, या नावाची आणखी कोणी आहे का म्हणून. तू टाळी वाजवलीस. पहिली टाळी तुझी होती, काडे. ती मला फार लागली.

काकू म्हणतात, दुसरी मुलगी आणते, खोली अर्धी रिकामी ठेवता येणार नाही. मी सांगितलं, पुढचे काही महिने दोघींचं भाडं मी देईन. तुझी गादी तशीच आहे. तू परत येणार आहेस.

तुझी,
ढमी


१४ ऑक्टोबर

प्रिय ढमे,

काच ओढत होते. गार वारा येत होता. हात हलवून झाला होता माझा.

गादी गुंडाळ आणि काकूंना मुलगी आणू दे. दोन जणींचं भाडं भरायला तू काय कारखान्याची मालकीण झालीस?

घरी मी सुट्टीवर आले आहे असं आईने गल्लीत सांगितलंय. त्यामुळे रोज सकाळी कोणीतरी विचारतं, "काय, बरीच सुट्टी देतात तुमच्याकडे!" मी म्हणते, कंपनी चांगली आहे. बाबा कामाला होते तो कारखाना उन्हाळ्यात बंद पडला तो पडलाच. ते आता घरात सगळं दुरुस्त करत असतात. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्यांनी चांगलं चाललेलं घड्याळ उघडलं. आता ते बंद आहे. धाकटा शाळेतून येतो आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघतो. एका घरात दिवसाढवळ्या दोन मोठी माणसं बसलेली त्याला आवडत नाहीत. मलाही आवडत नाहीत.

गणिताचं म्हणशील तर मी पुष्कळ डोकं फोडलं. आपल्या विभागाच्या मोठ्या बाईंना मी एकदा विचारलं होतं, पॉलिशच्या पावडरीने सगळ्यांनाच खोकला येतो, तर तोंडाला बांधायला काही मिळेल का. त्या "बघू" म्हणाल्या होत्या. तेच नडलं असेल. किंवा काहीच नसेल, यादीतलं एक नाव ठेवायचं, एक गाळायचं, असं झालं असेल. तू काही माझी जागा पळवली नाहीस. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहायला लावू नकोस.

एकच मागणं आहे. मला आशा लावू नकोस. मला ती फार लवकर लागते.

तुझी,
काडी


२ नोव्हेंबर

प्रिय काडे,

आशा लावत नाही, बातमी देते. दोन्हीत फरक आहे.

आधी गंमत ऐक. कायम लोकांचा चहा वेगळ्या कपातून येतो. कप तेच, फक्त कान तुटलेले नाहीत. पहिल्या दिवशी मी सवयीने शिकाऊंच्या रांगेत जाऊन उभी राहिले, तर चहावाला म्हणाला, "ताई, आता तुम्ही तिकडे." आणि मला खिडकीजवळचा बाक मिळाला आहे, तोच, जो आपण दोघी दुरून बघायचो. उजेड इतका छान येतो की भिंगावरचा ओरखडा बोटाआधी डोळ्याला दिसतो. माझं काम सुधारलंय गं! मोठ्या बाई परवा म्हणाल्या, "बरं आहे." त्यांच्या तोंडून म्हणजे सत्कारच.

आता बातमी. फेब्रुवारीत नवीन मशीन येणार आहे. मशीन आलं की काम वाढणार, माणसं लागणार. मी सरळ साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, "साहेब, माझी मैत्रीण होती ना, माझ्या शेजारी बसायची, उंच, बारीक..."

"जिचं एकही भिंग परत यायचं नाही ती?"

बघ! त्यांच्या लक्षात आहेस तू. म्हटलं, "हो, तीच. मशीन आलं की तिला बोलवाल का?"

"फेब्रुवारीत बघू. अशी माणसं लागतीलच."

"लागतीलच" म्हणाले. मी दारातून बाहेर आले आणि जिना अक्षरशः उड्या मारत उतरले. माझ्या आकाराच्या बाईने जिन्यात उड्या मारू नयेत, खालचे लोक वर बघायला लागले.

तुझी,
ढमी


२० नोव्हेंबर

प्रिय ढमे,

आमच्या इथे बाजारात चष्म्याचं दुकान आहे. म्हातारे मालक आणि त्यांची बायको चालवतात. बायकोचे हात हल्ली थरथरतात, त्यांना माणूस हवंय. गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट बसवायची, दांड्या वाकवायच्या, भिंगं बसवून द्यायची. मी एक दिवस जाऊन पाहिलं. एक आजी आल्या होत्या, त्यांना नवा चष्मा लावून दिला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो बाई, तू तर लहान मुलगी आहेस." मला खूप हसू आलं. कारखान्यात आपण एवढी भिंगं घासली, पण त्यांतून बघणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

दुकान छोटं आहे. तिथे पुढे जायला जागा नाही. मालकांनंतर मुलगा ते विकणार असं सगळे म्हणतात. पण आज आहे.

त्यांना या आठवड्यात उत्तर हवंय. बाबा म्हणतात घे. आई म्हणते कंपनी ती कंपनी. माझं डोकं चालत नाही. तू आत आहेस, तुला तिथलं वारं कळतं. फेब्रुवारीचं खरंच आहे का? तू सांगशील तसं करते.

तुझी,
काडी


२४ नोव्हेंबर

काडे,

पत्र मिळाल्या मिळाल्या लिहिते आहे, जेवणाच्या सुट्टीत, गुडघ्यावर कागद ठेवून.

दुकान घेऊ नकोस! तुझे हात चष्म्याच्या दांड्या वाकवायला नाहीत. मालक आज आहेत उद्या नाहीत, मग पुन्हा तू घरी. इथे एकदा कायम झालीस की झालीस. मशीनसाठी खालच्या मजल्यावर जमीन फोडून नवीन करताहेत, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एवढा खर्च कोणी उगीच करत नाही.

फेब्रुवारी आलाच म्हणून समज. मी आहे ना.

ढमी


१६ जानेवारी

प्रिय ढमे,

नाही सांगितलं दुकानाला. मालक फक्त "बरं पोरी" म्हणाले. आता तिथे माझ्या वर्गातली एक मुलगी बसते. तिच्याकडे बघायला नको म्हणून मी बाजारात जाताना पलीकडच्या बाजूने जाते. ती मात्र आतून हाक मारते.

आईने गल्लीत खरं सांगून टाकलं. म्हणजे कोणीतरी विचारलं, "सुट्टी अजून संपली नाही का?" आणि आई एकदम म्हणाली, "नोकरी गेली तिची, झालं समाधान?" मग घरात येऊन पदराने डोळे पुसत बसली. मला वाटलं होतं लाज वाटेल, पण बरंच हलकं वाटलं. आता निदान सकाळी दारात उभी राहू शकते.

बाबा आणि मी मिळून धाकट्याला अभ्यासाला बसवतो. परवा तो म्हणाला, "मी एवढं शिकून काय करू, तुम्ही दोघं शिकलेलेच आहात ना?" खोडी काढत नव्हता गं. खरंच विचारत होता. बाबा उठून बाहेर गेले.

तुझं पत्र बरेच दिवस नाही. कामात असशील. महिना जवळ आलाय म्हणून विचारते, घाई नाही. म्हणजे आहे, पण तुला त्रास नको.

तुझी,
काडी


१० फेब्रुवारी

प्रिय काडे,

उशीर झाला, रागावू नकोस. मधे तापाने पडले होते, आता ठीक आहे.

मशीन आलं. मोठं आहे, हिरवं आहे, आणि फार आवाज करत नाही. बाहेरून दोन माणसं आली होती लावायला. साहेब सध्या त्याच्यातच आहेत, भेटत नाहीत. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा दार बंद होतं. तू अजून थोडं थांब. बोलावणं येईल असं वाटतं. येईलच.

काकूंनी जिन्याखालच्या दिव्याचं बटण बदललं, आता ते उलटं आहे, लावायला गेलं की बंद होतं. बाकी विशेष काही नाही.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझी,
ढमी


६ मार्च

ढमे, ढमे, ढमे!

आलं! बोलावणं आलं! दुपारी पोस्टमन आला, बाबांनी सही केली, आणि पाकिटावर कंपनीचा शिक्का बघून ते तसंच हातात धरून उभे राहिले. उघडायला तयारच होईनात. शेवटी धाकट्याने फाडलं.

पुन्हा शिकाऊ म्हणूनच घेतलंय, पुन्हा सहा महिने, पण आपलाच मजला, आपलाच घासणी विभाग! अठरा तारखेला हजर व्हायचंय. आई आत्ता हसते आहे. तिला हसताना बघून माझ्या लक्षात आलं की ती किती दिवसांत हसली नव्हती.

तू साहेबांच्या डोक्याशी किती कटकट केली असशील! तुझं मागचं पत्र वाचून मला वाटलं होतं तू मला टाळते आहेस. विशेष काही नाही, जिन्याचं बटण, आणि घरच्यांना नमस्कार! इतकं कोरडं पत्र तू कोणालाच लिहीत नाहीस. मी दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. माफ कर मला.

मी मधल्या काळात एक ठरवलंय. या वेळी मी धूळबिळ काही विचारणार नाही. खोकला आला तर खोकेन. खाली मान घालून काम करेन, आणि मुदत संपली की तुझ्यासारखी कायम होईन. मग तुझ्या त्या धड कानांच्या कपातून चहा.

काकूंना सांग, मी सतरा तारखेला संध्याकाळी पोहोचते. तू कामावरून आलेली असशीलच. बस थांब्यावर ये. आणि त्या म्हाताऱ्याला रडवू नकोस.

तुझीच,
काडी


११ मार्च

प्रिय काडे,

अभिनंदन! मला माहीतच होतं.

सतराला मी थांब्यावर नसेन. माझं काम थोडं बदललंय, मला दुसरीकडे जावं लागतंय. तू आलीस की मग सविस्तर कळवेन. किल्ली काकूंकडे आहे. तुझी गादी उन्हात टाकून ठेवली आहे. खिडकीची कडी सैल झाली आहे, वारा सुटला तर मधे कागदाची घडी घाल. स्टोव्ह तुझ्यासाठी ठेवते.

पहिल्या दिवशी लवकर जा. मोठ्या बाईंना समोरून नमस्कार कर, त्यांना ते आवडतं. आणि खोकला आला तर खोकू नकोस नुसती, काहीतरी बांध गं तोंडाला. आपला रुमाल बांध. रुमालाला कोण काय म्हणणार.

काळजी घे. चांगलं काम कर. तू करशीलच.

ढमी


२२ मार्च

ढमे,

तुझ्या दादाचा पत्ता काकूंकडून घेतला. तुझी आई गेल्यानंतर तू त्या घरी दोन दिवसांच्या वर कधी राहिली नाहीस हे मला माहीत आहे. आणि आता तू तिथे आहेस.

मी सतराला आले. अर्धी खोली रिकामी. तुझा खिळ्यावरचा आरसाही नाही. काकू भाजी निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, "कुठे बदली झाली तिची?" त्या म्हणाल्या, "बदली कसली? काढलं तिला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला सांगितलं नाही तिने?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळ मोठ्या बाई भेटल्या. त्यांनी सगळं सांगितलं, हळू आवाजात, इकडे तिकडे बघत. मशीन एका रांगेचं काम करतं. उरलेल्या कामाला कायम माणसं परवडत नाहीत म्हणून तुमच्या अख्ख्या रांगेला घरी पाठवलं आणि जुन्या शिकाऊंना पुन्हा शिकाऊ म्हणून बोलावलं. म्हणजे आम्हाला. तुला फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. तुझं ते तापाचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं.

बोलावणं आल्याचं माझं पत्र तुझ्या हातात पडलं तेव्हा तुला काय वाटलं असेल, याचा विचार करायला लागले की मला पुढे जाता येत नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. मी फाटकाबाहेर उभी राहिले. लोक माझ्या बाजूने आत जात होते. मनात आलं, परत फिरावं, संध्याकाळची बस धरावी, तुझ्या दादाच्या घरी येऊन तुझ्या शेजारी बसावं. खरंच आलं मनात. मग बाबा दिसले, हातात पाकीट घेऊन उभे असलेले. भोंगा झाला आणि मी आत गेले.

मला खिडकीजवळचा बाक दिला. मी दुसरा मागितला. मोठ्या बाई म्हणाल्या, "बस गपचूप, नखरे नकोत." मी बसले. उजेड तू म्हणाली होतीस तसाच आहे.

तू मला शिव्या दे. काहीही लिही. पण लिही.

काडी


५ मे

ढमे,

हे तिसरं पत्र. आधीची दोन, मार्चमधलं आणि एप्रिलमधलं, मिळाली का? तुझ्या वहिनींना मिळाली असतील आणि त्यांनी दिली नसतील, असं मी मनाला सांगते. त्या बिचाऱ्यांवर उगीच आळ.

मी रुमाल बांधते. शेजारची नवी मुलगी पण बांधायला लागली. ती खूप बडबडते, कड उडाली की माझ्याकडे भिंग सरकवते. मी दुरुस्त करून देते.

एक ओळ लिही. नुसतं "पोचलं" लिही.

काडी


१९ जून

प्रिय काडे,

तिन्ही पत्रं पोचली. वहिनीने त्याच दिवशी दिली. मी उघडलीही लगेच. पुन्हा पुन्हा वाचली. उत्तर लिहायला बसले की हात थांबायचा. आज लिहिते, कारण न लिहिणं आता मलाच जड झालंय.

मी दवाखान्याच्या धुलाईघरात काम करते. चादरींना इस्त्री. वाफेने चेहरा लाल होतो. चादरी संपत नाहीत, म्हणून काम संपायची भीती नाही. दादा चांगलं वागतो. वहिनी वाईट वागत नाही. रात्री सगळे झोपायला गेले की माझी पथारी पसरायची आणि सकाळी कोणी उठायच्या आत गुंडाळायची, एवढंच. मी बरीच बारीक झाले. इथे मला ढमी कोणी म्हणत नाही आणि आता म्हटलं तर लोकांना कळायचं नाही का म्हणतात ते.

तुला वाटतं मी तुझ्यावर रागावले आहे. तू आत गेलीस ते बरोबर केलंस. तू परत फिरून माझ्या शेजारी येऊन बसली असतीस तर मी तुला आयुष्यभर माफ केलं नसतं. हे सगळं मला कळतं, आणि मी ते रोज स्वतःला सांगते. पण कळण्याने भागत नाही गं. चष्म्याचं दुकान तू माझ्या शब्दावर सोडलंस. मी इतक्या खात्रीने लिहिलं होतं, जसं काही कंपनी माझ्या बापाची. मला काढलं त्या दिवशी मला पहिली आठवण त्या दुकानाची आली, आणि तुला काय तोंडाने सांगू हे कळेना, म्हणून मी तुला जिन्याचं बटण लिहिलं. आणि मग तुझं ते पत्र आलं, तीन वेळा ढमे लिहिलेलं. मी ते वाचून खरंच आनंदाने रडले, काडे. मग दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा रडू आनंदाचं राहिलं नाही. दोन्ही एकाच पत्राला.

गेल्या सोमवारी मी तिकडे आले होते. माझा उरलेला हिशेब नेण्यासाठी बोलावलं होतं. काम लवकर झालं, म्हणून समोरच्या टपरीपाशी थांबले. तुला भेटायचं ठरवूनच थांबले होते. तुझ्यासाठी बिस्किटाचा पुडाही घेतला.

भोंगा झाला. तू बाहेर आलीस. गळ्यात रुमाल होता. शेजारी ती बडबडी मुलगी असावी, ती काहीतरी हातवारे करून सांगत होती. आणि तू हसलीस. तुझं ते मान मागे टाकून हसणं. आपण खोलीत हसायचो तसं. काकू खालून काठीने छत ठोकायच्या तसं.

तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. एक हाक, रस्त्याचीच रुंदी. पण मला दिसलं की मी हाक मारली की तुझं हसू तिथेच थांबेल. तू धावत येशील, माझे हात धरशील, रडशील, माफी मागशील, आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा मला बघशील तेव्हा हेच होईल. आपण एकमेकींना बघून हसणाऱ्या मुली होतो. आता एकमेकींना बघून माफी मागणाऱ्या झालो. मला ते नको होतं. मी टपरीच्या आड सरकले. तू कोपऱ्यावरून वळलीस.

मला बरं वाटलं तू हसताना बघून. अगदी खरं सांगते. आणि तेवढंच सहन झालं नाही, हेही खरंच.

सप्टेंबरात तुझी मुदत संपेल. तेव्हा कोणी तुला काहीही सांगो, साहेब, मोठ्या बाई, कोणीही, तू थांबू नकोस. आत्तापासून दुसरीकडे बघ. कायम हा शब्द कोणी उच्चारला तर दुसऱ्या कानाने सोडून दे. बाबांना दुकानात विचारायला सांग, त्या मुलीचं लग्नबिग्न ठरलं असेल कदाचित.

आणि एक मागते. आता काही दिवस पत्र लिहू नकोस. किती दिवस, ते मलाही माहीत नाही. तुझं अक्षर पाकिटावर दिसलं की माझा तो दिवस जातो, आणि चादरी तर करायच्याच असतात. लिहावंसं वाटेल तेव्हा मीच लिहीन. नाही लिहिलं तरी तू समजून घे. तू नेहमी समजून घेत आलीस.

बिस्किटं परत येताना बसमध्ये एका पोराला दिली. त्याच्या आईने विचारलं, "तुमच्या घरी कोणी नाही का द्यायला?" मी म्हटलं, "आहे, पण ती लांब राहते."

— ढमी